तिला पाठवू नका

कोल्हारहून प्रवरेच्या काठाकाठानं मैलभर वर गेलं की कार्नाबाईंचा दवाखाना लागायचा. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि कडुनिंबाखाली दगडी ओटा. बाईंचं खरं नाव एन्कार्नासिओन. ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून पहिल्या वर्षातच लोकांनी त्याची कार्नाबाई करून टाकली. त्या स्पेनच्या उत्तरेकडल्या कुठल्याशा गावच्या. नन नव्हत्या, पण लग्नही केलं नव्हतं. त्यांच्या गावच्या बायांची एक समिती होती, ती औषधं आणि थोडा पैसा पाठवायची, त्यावर सगळं चालायचं.

पुष्पावती तिथं कामाला लागली ती सहासष्ट सालात. माहेर तिकडं पाथर्डीच्या कोरडवाहू मुलखातलं, सासर इथलं बागायती. सात वर्षं संसार झाला, पोर झालं नाही. एक दिवस नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि पुष्पावतीला म्हणाला, तूही राहा की, घरात कामाला माणूस लागतंच. ती राहिली नाही. कोल्हारातच तिची आत्या होती, केशरबाई, विधवा आणि एकटी. अंगावरच्या लुगड्यानिशी ती आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली. आत्यानं पाटा पुढं सरकवला आणि मिरच्या वाटायला दिल्या.

पुष्पावती सातवी पास होती, अक्षर मोत्यासारखं. दवाखान्यात ती आधी झाडलोट करायची, मग जखमा धुवायला लागली, मग सुई द्यायला. तीन वर्षांत बाळंतपणाला बाई तिला पुढं घालून स्वतः मागं उभ्या राहू लागल्या. हात हलका होता तिचा. बायका येऊन विचारायच्या, पुष्पाबाई हाय का?

मग कार्नाबाईंचे डोळे जायला लागले. काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती दिवस राहील तेही सांगता येणार नाही. बाईंना औषधाच्या बाटलीवरचं नाव दिसेनासं झालं. त्याहून वाईट म्हणजे घरची पत्रं दिसेनाशी झाली. तिकडं त्यांची एक धाकटी बहीण होती. दर महिन्याला तिचं पत्र यायचं. बाई भिंग लावून, पत्र नाकाला चिकटवून एकेक ओळ वाचायच्या, आणि एका पानाला अख्खी दुपार जायची.

एक दिवस त्यांनी पुष्पावतीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, माझी भाषा शीक. तू वाच, तूच लिही.

दुपारी रोगी ओसरले की ओट्यावर शिकवणी सुरू व्हायची. शब्द पुष्पावतीला भराभर आले. लिंगं मात्र छळायची. बाटली तिकडंही बाईमाणूस होती हे ठीक, पण दूधही तिकडं बाईच निघालं. नपुंसक काही नाहीच. सगळं जग दोहोंत वाटलेलं.

सर्वांत घोळ झाला तो 'लो' आणि 'ला'चा. बाई एक बाटली हातात घेऊन विचारायच्या, बाटली कुठं आहे? पुष्पावती अख्खं वाक्य म्हणायची, बाटली माझ्याकडे आहे. बाई मान हलवायच्या. एकदा नाव घेतलं की परत घ्यायचं नाही. पुरुषाच्या जातीचं असेल तर 'लो', बाईच्या जातीचं असेल तर 'ला', खूप असले तर 'लोस' आणि 'लास'. ते क्रियापदाच्या आधी ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. ला वेओ. तिला बघते. पुष्पावतीला हसू आलं. आपणही 'तिला' असंच आधी म्हणतो आणि 'बघते' मग. एवढ्या दूरच्या भाषेत एक वाट तरी ओळखीची निघाली. बाईंनी मग आज्ञा शिकवली. कर म्हणायचं असेल तर ते 'ला' क्रियापदाच्या शेपटीला चिकटतं, नको म्हणायचं असेल तर पुढं येऊन उभं राहतं. मान्देला, म्हणजे पाठव तिला. नो ला मान्दे, म्हणजे नको पाठवू.

पण एक गोष्ट तिला खटकली आणि तिनं ती विचारलीही. नुसतं नाव घेताना तुमच्याकडे माणसाला वेगळं धरतात. बाटली बघते म्हणताना मधे काही लागत नाही, मुलीला बघते म्हणताना मात्र मधे एक 'आ' लागतो. ते आमच्यासारखंच झालं, आम्हीही बाटली बघतो आणि मुलीला बघतो. मग 'ला' म्हटल्यावर बाटली आणि मुलगी एकच कशी?

कार्नाबाई म्हणाल्या, "मागं बघायचं. आधी कुणाचं नाव आलं ते शोधायचं. शहाण्या माणसाला कळतं."

दोन वर्षांत पुष्पावती बहिणीची पत्रं घडाघडा वाचू लागली. बाई डोळे मिटून ऐकायच्या. कधी हसायच्या, कधी एखादी ओळ परत वाचायला लावायच्या. त्या दुपारी दोघींनाही गोड जायच्या, हे खोटं नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात समितीचं पत्र आलं. पुष्पावतीनंच ते वाचलं. समितीनं लिहिलं होतं की दवाखान्यातली एक हुशार मुलगी आमच्याकडे पाठवा, इथल्या इस्पितळात दोन वर्षं नर्सिंग शिकवू, येण्याजाण्याचा खर्च आमचा. बाईंनी हात पुढं करून तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "दुसरी कोण आहे? तूच."

केशरआत्याला सांगितलं तेव्हा आत्या भाकरी थापत होती. तिनं विचारलं, किती लांब हाय? पुष्पावती म्हणाली, समुद्रापल्याड. आत्या म्हणाली, "मग जा. हितं तुझं कोन बसलंय?" आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

त्याच जूनमध्ये शाळेचे काकासाहेब गुरुजी दवाखान्यात आले. नगरला सरकारी नर्सबाईंचा कोर्स होता, सातवी पासवर घेत होते, त्याचा फॉर्म ते मुद्दाम घेऊन आले होते. पण वयाची अट होती पस्तिशीची. शाळेच्या दाखल्यावर पुष्पावतीचा जन्म जानेवारी अडतीसचा, म्हणजे यंदाचंच शेवटचं वर्ष. गुरुजींनी ते दोनदा सांगितलं. कार्नाबाई पलीकडे बसून ऐकत होत्या. गुरुजी गेल्यावर पुष्पावतीनं विचारलं, भरू का? बाई म्हणाल्या, नगर कशाला? स्पेनला जाणारी मुलगी नगरला जाते का? पुष्पावतीनं फॉर्म घडी करून फडताळात ठेवला आणि मुदत निघून गेली.

जुलैत भावाचं, गोरक्षनाथचं लग्न निघालं. ती आठ दिवस पाथर्डीकडे गेली. तिकडं विहिरीच्या तळाशी गाळ दिसत होता, वऱ्हाडाला प्यायचं पाणी बैलगाडीनं आणावं लागलं. परत आली तेव्हा दवाखान्यात दूध-पावडरीसाठी बायकांची ही रांग. मुंबईचे फादर येऊन गेले होते, तेही स्पेनचेच. बाई म्हणाल्या, समितीला उत्तर पाठवायचं राहिलं होतं, ते त्यांच्याकडून लिहून घेतलं.

पुष्पावतीला वाटलं, बरं झालं. आपल्याबद्दलची शिफारस आपल्याच हातानं लिहायची म्हणजे लाज वाटली असती.

समितीचं उत्तर ऑक्टोबरात आलं. पाकीट जाड होतं. बाई त्या दिवशी जरा घाईनं म्हणाल्या, राहू दे, फादर आले की बघू. पण पत्र फोडायची पुष्पावतीला रोजची सवय, आणि तिचा जीव तर त्या पाकिटातच अडकलेला. तिनं वाचायला सुरुवातही केली होती.

आधी दुष्काळाची विचारपूस होती. मग पावडरीचे डबे किती पाठवले ते. मग एक टाइपरायटर घेतल्याची बातमी, म्हणजे पत्रं लिहायला सोपं जाईल. मशीन आम्ही घेतली आहे, बोटीनं येईल. मशीन म्हणजे 'ला माकिना'. आणि त्याच्या खालीच, नवा परिच्छेद न करता, दोन ओळी.

नो ला मान्दे. उस्तेद ला नेसेसिता मास के नोसोत्रास.

तिला पाठवू नका. आमच्यापेक्षा तुम्हालाच तिची जास्त गरज आहे.

पुष्पावतीनं त्या ओळी वाचल्या. पुढचा नमस्कार वाचला, सह्या करणाऱ्या बायांची नावं वाचली. आवाज तोच ठेवला. मग पत्र मांडीवर ठेवून मागं बघितलं. शिकवल्याप्रमाणे बाईच्या जातीचं शेवटचं नाव शोधलं. 'माकिना'. पण मशीन तर तिकडून इकडं येणार होती. ती तिकडं पाठवायचा प्रश्नच कुठं होता?

"बाई," ती म्हणाली, "हे 'ला' कोण?"

कार्नाबाई निंबाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना निंब दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, "ला माकिना. मशीन."

"मशीन आपण कुठं पाठवणार होतो?"

"मशीनच," बाई म्हणाल्या. "ते लोक घाईत लिहितात."

पुष्पावतीनं पत्र पाकिटात घातलं, पाकीट ट्रंकेत ठेवलं आणि बाहेर येऊन एका म्हातारीच्या पायाची पट्टी सोडली. जखम धुतली, नवी पट्टी बांधली. त्या दिवशी तिनं सतरा पट्ट्या बांधल्या.

तरी तिनं आशा सोडली नव्हती. माणूस खोटं बोललं तरी त्याचं काही कारण असेल असं तिला वाटत होतं. समितीनंच नकार दिला असेल आणि बाईंना सांगायचा धीर होत नसेल. दोन महिने तिनं हे स्वतःला सांगितलं.

नाताळाला फादर आले. चांगला, मोकळा माणूस. ओट्यावर चहा घेताना त्यांनी पुष्पावतीला जवळ बोलावलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "तुम्ही बाईंना सोडून जायला स्वतःहून नकार दिलात, हे पत्र लिहिताना माझे डोळे भरून आले. असा त्याग फार थोडी माणसं करतात."

पुष्पावतीच्या हातात किटली होती. तिनं त्यांचा कप भरला. "घ्या फादर," एवढंच म्हणाली.

फादरांची गाडी रस्त्याला लागली तशी ती आत गेली. कार्नाबाई खाटेवर बसून चाचपत पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होत्या. त्यांनी पावलं ओळखली. त्यांनाही कळलं असावं, कारण हात थांबले. त्या आपल्या भाषेत काही बोलू लागल्या.

"मराठीत बोला," पुष्पावती म्हणाली.

बाईंची मराठी रोग्यांकडून शिकलेली. कुठं दुखतं, किती दिवस झाले, तोंड उघड, यासाठी ती पुरायची. यासाठी पुरेना. त्या म्हणाल्या, "तू गेली की माझा डोळा गेली. पत्र कोण वाचेल? बाटली कोण वाचेल? मी इथं सोळा वर्षं. आता आंधळी, एकटी." मग म्हणाल्या, "तू परत येणार नव्हती."

"येणार होते."

"मी तुझ्या जागी असते तर आले नसते," बाई म्हणाल्या.

"नगरचा फॉर्म तरी भरू द्यायचा होता. गुरुजींनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, शेवटचं वर्ष म्हणून."

बाईंनी पट्टीची एक गुंडाळी उचलली आणि परत उलगडली.

"आणि मीच नको म्हणाले असं सांगितलंत. ते कशाला?"

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुला नेली असती," कार्नाबाई म्हणाल्या.

पुष्पावतीनं त्याच आठवड्यात समितीला पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानं, आणि श्रीरामपूरला जाऊन तिथल्या पोस्टात टाकलं. पत्ता आत्याच्या घरचा दिला. तीन दिवस खपून लिहिलं होतं. मी नाही म्हणाले नव्हते. मला कुणी विचारलंच नव्हतं. अजून जागा असेल तर मी येते. खाली सही केली ती देवनागरीत.

उत्तर एप्रिलात आलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी फार प्रेमानं लिहिलं होतं. तुझं स्पॅनिश वाचून आम्ही सगळ्या थक्क झालो, एकीनं पत्र वाचून दाखवलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. जागा मात्र दुसऱ्या देशातल्या एका मुलीला दिली आहे, ती इथं आलीही. तुमच्या दोघींत काही गैरसमज झाला असेल तर तो प्रेमानं मिटवा. एन्कार्नासिओनला तुझ्याशिवाय कुणी नाही.

केशरआत्यानं विचारलं, काय म्हनत्यात? पुष्पावती म्हणाली, टाळ्या वाजवल्या म्हनत्यात. आत्याला ते कळलं नाही, आणि तिनं समजावून सांगितलं नाही.

तिनं नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठं? आत्या थकली होती. त्या वर्षी बागायतीतही कामाला माणसं जास्त आणि काम थोडं अशी गत होती. रोज सकाळी ती दवाखान्यात जायची. कामात एका बोटाचा फरक पडू दिला नाही. फक्त बाईंची भाषा बोलणं तिनं बंद केलं. बाई स्पॅनिशमध्ये काही म्हणाल्या तर ती मराठीत उत्तर द्यायची. आणि पत्र आलं की मनातल्या मनात वाचून मराठीत सांगायची. बहिणीकडे पाऊस झाला. भाच्याला नोकरी लागली. तुमची आठवण काढतात. चार पानांचं पत्र चार वाक्यांत व्हायचं.

बाईंनी तक्रार केली नाही. त्या समजून होत्या. फादरांची बदली झाली होती, नवे कुणी येत नव्हते. दवाखान्यात दिवसभर माणसं असायची, पण त्यांच्या कानावर त्यांच्या मुलखाचा एक शब्द पडत नव्हता. कधी कधी औषध कुटताना त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, आणि पुष्पावती आली की गप्प व्हायच्या.

नोव्हेंबरात एक पत्र आलं. अक्षर वेगळं होतं, भाचीचं. पुष्पावतीनं उभ्या उभ्या वाचलं. तीन पानं होती. बाईंची बहीण वारली होती. भाचीनं शेवटच्या आठवड्याचं सगळं लिहिलं होतं. आई कुठल्या खिडकीशी बसायची, काय मागायची, लहानपणी तुम्ही दोघी नदीवर कपडे धुवायला जाताना जे गाणं म्हणायचात त्याची एक ओळ ती कशी घोळत राहायची. ती ओळही लिहिली होती. आणि शेवटी आईनं तुम्हाला काय निरोप दिला तो, तिच्याच शब्दांत.

"तुमची बहीण गेली," पुष्पावती म्हणाली. "चौदा तारखेला. त्रास झाला नाही."

कार्नाबाईंनी खुर्चीचा हात धरला. मग म्हणाल्या, "वाच."

"सांगितलं की."

"तसंच वाच. जसं लिहिलं आहे तसं." आणि मग, सोळा-सतरा वर्षांत कधी न वापरलेला शब्द त्यांनी वापरला. "पाया पडते."

पुष्पावतीच्या हातात पत्र होतं. पहिली ओळ डोळ्यांसमोर होती, ओठ हलवले की झालं असतं. तिच्या डोळ्यांपुढे फडताळातला तो घडी केलेला फॉर्म आला, टाळ्या वाजवणाऱ्या बाया आल्या. तिनं पत्राच्या घड्या परत होत्या तशा केल्या आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"अर्थ तोच आहे," ती म्हणाली आणि रोग्यांकडे गेली.

पडवीतून तिला दिसत होतं. बाई पत्र घेऊन दारात उजेडाला आल्या. भिंग लावलं, पान नाकाला टेकवलं, वर केलं, खाली केलं, उलटं केलं. नजर पार गेली होती. त्यांनी पानावरून बोटं फिरवली. शाईला उंची नसते. शेवटी त्यांनी ते झग्याच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर एक हात त्या खिशावर ठेवून वावरल्या.

पुष्पावतीला वाटलं होतं, उद्या वाचू. एक दिवस कळू दे तिला. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी मागितलं नाही, आणि आपण होऊन म्हणायला हिची जीभ उचलेना. आठ दिवस गेले, महिना गेला. एकदा निकरानं ती म्हणालीही, बाई, ते पत्र द्या, वाचते. कार्नाबाई म्हणाल्या, "नको. अर्थ कळला."

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मुंबईहून दोन नन गाडी घेऊन आल्या आणि बाईंना परत स्पेनला नेण्याचं ठरलं. गावातली माणसं जमली. बाळंत झालेल्या बायका पोरं घेऊन आल्या. बाईंनी प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवला. पुष्पावतीनं त्यांची ट्रंक गाडीत ठेवली, पायात बूट घातले, नाड्या बांधल्या.

"येते, पुष्पा," बाई म्हणाल्या. मराठीतच.

"या," पुष्पावती म्हणाली.

दवाखाना बंद पडला. बोटीनं आलेली मशीन मुंबईच्या बंदरात अडकली ती तिथंच राहिली. पुष्पावती आत्याला घेऊन श्रीरामपूरला आली आणि एका खाजगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. नगरला कोर्स केलेल्या विशीतल्या पोरी तिथं नर्स होत्या. त्या तिला बेडपॅन आणायला सांगायच्या. अडलेलं बाळंतपण असलं आणि डॉक्टरीणबाई जाग्यावर नसल्या की त्याच पोरी तिला हळूच आत ओढायच्या, आणि मूल बाहेर आलं की बाहेर पाठवायच्या.

एका दुपारी घरी जेवताना तिनं केशरआत्याला त्या पत्राचं सांगितलं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बहिणीचं गाणं, निरोप, बाई दारात उभ्या राहिल्या ते, सगळं.

आत्यानं घास खाली ठेवला. "निरोप काय हुता?"

पुष्पावतीनं सांगितला. आधी त्या भाषेत सांगितला, मग मराठीत. पहिल्यांदाच तो तिच्या तोंडून बाहेर पडला.

आत्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तिनं तुझं वाटुळं केलं, ते खरं. पर पोरी, हे तू वाचायला पायजे हुतं."

"व्हय," पुष्पावती म्हणाली.

दोनची पाळी होती. तिनं ताट विसळलं, पदर खोचला आणि कामावर गेली.